सुटे

पाच बेचाळीसला फोन.
या वेळेला वाजला की बायको कूस बदलते,
मी चष्मा शोधत नाही, नुसतं विचारतो, "कुठली?"
"चार नंबर, साहेब. क्लच धरत नाही."
म्हणजे अडीचशे टनांची ती म्हातारी,
जी माझ्याआधी नोकरीला लागली
आणि माझ्यानंतर निवृत्त होणार.

स्पाइन रोडने मोशी, मोशीहून कुरुळी फाटा,
पुढे कंटेनरमागे कंटेनर, त्यांच्यामागे मी.
रांजणगावहून कस्टमर:
"अकराला गाडी निघाली नाही तर आमची लाइन थांबेल."
मिनिटाला किती दंड, ते तो सांगत नाही. मला पाठ आहे.
मुलीची वर्षाची फी म्हणजे
त्यांची सहा मिनिटं.

गेटवर फलक : अपघाताविना दिवस २१२.
खंडू वॉचमन मला आधी सलाम करतो,
मग ओल्या फडक्याने दोन पुसून तीन लिहितो.

प्रेसखालून मुलाणीचे फक्त बूट दिसतात.
"किती वेळ, मुलाणी?"
"विचारलं की वाढतो, साहेब."

नऊ दहाला म्हातारी चालू झाली.
वर मीटिंगमध्ये हेड ऑफिसचा पोरगा पडद्यावर
हिरवे-लाल खांब दाखवत होता,
माझ्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं
आणि मी पायांनी मोजत होतो.
मिनिटाला अकरा ठोके पडायला हवेत.
चौदा पडत होते.
वेग चांगला होता. फारच चांगला होता.
म्हणून उठलो.

बालाजी तोटेवाड, मुखेडचा, कंत्राटी, तिसरा महिना.
प्रेसला दोन हिरवी बटणं,
दोन्ही हातांनी एकदम दाबायची,
म्हणजे हात बाहेरच राहतात.
नव्या प्रेसना अशी चलाखी लगेच कळते,
म्हातारीला तेवढी अक्कल नाही.
डाव्या बटणात दोन रुपयांचं नाणं ठोकलेलं.
डावा हात मोकळा.
आत, बाहेर.
आत, बाहेर.

लाल बटणावर मी तळवा मारला.
आख्खं शॉप गप्प झालं. तोंडात शिवी तयार होती.
तो म्हणाला, "अकराची गाडी होती ना, साहेब."
त्याच्या मागे फळा :
बाराशे नग. अकरा वाजता. काहीही करून.
"काहीही करून"खाली दोन रेघा.
अक्षर माझं.

मुलाणीने स्क्रूड्रायव्हरने नाणं उचकटलं,
चिंधीला पुसून माझ्या हातात दिलं.
"भोसरीत असताना आपण चाराणे घालायचो," म्हणाला. "महागाई."
हसला. मी त्याच्या हाताकडे बघितलं नाही.
तिथं साडेचार बोटं आहेत, मला माहीत आहे,
त्या रात्री शिफ्टला मीच होतो.

गाडी अकरा चाळीसला गेली.
चाळीस मिनिटांवर दुपारभर घासाघीस.
एचआरच्या गोडबोले मॅडम : "नाव काय त्याचं?
एजन्सीला परत पाठवते."
म्हटलं, थांबा.
कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला. कारण निवडा.
यादीत सहा कारणं आहेत,
निष्काळजीपणा सगळ्यात वर.
माझं हस्ताक्षर त्या यादीत नाही.
"इतर" निवडलं.
खाली लिहायला चार ओळींची जागा होती,
तीन भरल्या. चौथीत सही बसली नाही.

सेकंड शिफ्ट आली तेव्हा फळा पुसायला घेतला.
मार्कर जुना, थिनर लावलं तरी
त्या दोन रेघा अंधुक राहिल्याच.
बालाजी पॅकिंगला बसला होता, दोन्ही हातांनी खोके बांधत.
गेटवर २१३.
खोटं नव्हतं. पण खंडूने "उद्या चौदा, साहेब" म्हटल्यावर
मला मान हलवता आली नाही.

मोशीला चहा. बारा रुपये. वीसची नोट दिली.
"दोन सुटे द्या की, दहा देतो परत."
हात खिशात गेला.
नाणं अजून तेलकट होतं.
"नाहीत," म्हटलं.
त्याने पाचाचं नाणं आणि तीन लिमलेटच्या गोळ्या
माझ्या डाव्या हातावर ठेवल्या.
मी बोटं मिटली.
पाचही.